डेगू गाभण आहे, पिंजरा कसा तयार करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीत घर. २६ जानेवारीच्या सुट्टीत पुण्याहून ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून दिलेले दोन डेगू, म्हणजे उंदरासारखे दिसणारे छोटे पाळीव प्राणी, आणले. आता एकीचं पोट दोन्ही कुशींना फुगलंय, वजन २१० ग्रॅमवरून २८५ ग्रॅमवर गेलंय आणि दुसरी मादी नसून नर निघालाय. पिंजरा तीन मजली, अर्ध्या इंची वेल्डमेश जाळीचा, आत चाक, शिड्या, खाली प्लॅस्टिकचा ट्रे. कापूस घालू का, नर वेगळा करू का, नवा पिंजरा घ्यावा लागेल का, असं तुम्ही विचारलंत. शिवाय पाडव्याच्या गुढीची गाठी उतरवल्यावर आज्जींनी ‘दोन जिवांची आहे, खाऊ दे’ म्हणून तिला एक तुकडा दिला, त्याचीही काळजी लागलीय.

मी कोल्हापुरात चौदा वर्षं ससे आणि गिनी पिग पाळतोय, त्यातली शेवटची नऊ वर्षं डेगूही. अकरा वेळा माझ्याकडे माद्या व्याल्या. त्यामुळे पुस्तकी नाही, हाताखालून गेलेलं सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण बाकी सगळी तयारी तिच्यावरच उभी आहे. डेगूचं पिल्लू उंदराच्या पिल्लासारखं नसतं. घरातल्या उंदराचं पिल्लू उघडंबोडकं, डोळे मिटलेलं, जागचं न हलणारं असतं. म्हणून लोक कापूस, मऊ घरटं, झाकलेली पेटी यांच्या मागे लागतात. डेगू त्या कुळातला नाही. तो गिनी पिग आणि चिंचिलाचा नातेवाईक. मादी साधारण ९० दिवस पिल्लं पोटात वाढवते, त्यामुळे ती जन्मतात तीच अंगावर केस घेऊन. डोळे उघडेच असतात किंवा एक-दोन दिवसांत उघडतात, आणि पहिल्याच दिवशी पिल्लू तुरुतुरु चालायला लागतं. वजन फक्त १४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तुम्हाला तयारी करायचीय ती चालत्या, चढत्या, फटीत घुसणाऱ्या आणि अंगठ्याएवढ्या जिवाची. मऊपणा दुय्यम आहे. फटी बुजवणं आणि उंची कमी करणं ही खरी कामं.

आता किती वेळ हातात आहे ते बघू. तुमच्या घरी आल्यानंतर गाभण राहिली असेल तर २६ जानेवारीपासून ९० दिवस म्हणजे एप्रिलचा शेवटचा आठवडा. पण दुकानात हे दोघं आधीपासून एकत्रच असतील तर तारीख कितीही अलीकडे येऊ शकते. पोट बाहेरून दिसायला लागतं ते शेवटच्या चार-पाच आठवड्यांत, आणि तुमच्याकडे ते आता दिसतंय. त्यामुळे तारखेचा हिशेब सोडा आणि पिंजरा येत्या रविवारपर्यंत तयार करा. तिला वजनकाट्यावर घ्यायचं तर डब्यात बसवून घ्या. मधे पोटाला धरून उचलू नका, आणि शेपटीला धरून तर कधीच नाही. शेपटीची कातडी सोलून हातात येते आणि उरलेली शेपूट झडते, ती परत उगवत नाही.

नवा पिंजरा घेऊ नका. या टप्प्यावर तिला अनोळखी जागी हलवण्यापेक्षा तिचाच पिंजरा बदला. वासाची, कोपऱ्यांची तिला ओळख आहे. बाहेर जायचं ते नराने.

जाळीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण माझ्याकडून चूक इथेच झाली होती. पहिल्या वेळी माझ्याही पिंजऱ्याला अर्धा इंची जाळी होती. मोठ्या डेगूला ती उत्तम, म्हणून मी निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाचातलं एक पिल्लू बाहेर कपाटाखाली गार पडलेलं, आणि दुसऱ्याचं डोकं जाळीच्या चौकटीत अडकलेलं. कपाटाखालचं छातीशी धरून तासभर ऊब दिल्यावर हललं आणि जगलं. अडकलेलं वाचलं नाही. अर्धा इंच म्हणजे जवळजवळ १३ मिलिमीटर. नवजात पिल्लाचं डोकं त्यातून बाहेर येतं किंवा अर्धवट येऊन अडकतं, आणि अडकणं जास्त वाईट. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत १ सेंटीमीटरपेक्षा मोठी एकही फट पिंजऱ्यात नको.

यासाठी पूर्ण जाळी बदलायची गरज नाही. पाव इंची स्टीलची जाळी ३५ सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीत कापून घ्या आणि पिंजऱ्याच्या चारही बाजूंना खालच्या अंगाला बाहेरून बांधा. आतून बांधली तर कापलेली टोकं पिल्लांच्या अंगाला लागतात आणि दोन जाळ्यांच्या मधे पाय अडकतो. प्लॅस्टिकच्या केबल टायने बांधू नका, आईचे दात तिथवर पोचतात. बारीक स्टीलच्या तारेने दर चार बोटांवर पीळ मारा आणि टोकं बाहेरच्या बाजूला वळवा. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे ही पट्टी कापून, कडांना कानस मारून मिळेल. तिथे गेलाच आहात तर स्टेनलेसचा ट्रेही करून घ्या, कडा १० सेंटीमीटर उंच ठेवायला सांगा. प्लॅस्टिकचा ट्रे डेगू कुरतडतो आणि तुकडे पोटात जातात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा स्वस्त पडेल, पण त्यावरचं जस्त कुरतडून पोटात जाणं चांगलं नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी स्टेनलेसच घ्या.

पट्टी बांधून झाली की करंगळी घेऊन पिंजऱ्याभोवती फिरा. दाराच्या खालची फट, ट्रे सरकवण्याची खाच, कोपऱ्यातला वेल्ड सुटलेला भाग, बाटली अडकवायचं भोक. जिथे करंगळीचं टोक सहज आत जातं ती जागा बंद करा. ट्रेची खाच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

आता मजले. तुमचा तीन मजली पिंजरा एरवी छान आहे, डेगूला चढा-उतरायला आवडतं. पण मूळचा तो मध्य चिलीतल्या, अँडीजच्या पायथ्याच्या झुडपी माळरानाचा. तिथे मादी पिल्लं घालते ती जमिनीखालच्या बिळात, फांदीवर नाही. पिल्लांना उंचीचं भान अजून आलेलं नसतं. काही दिवसांतच ती जाळी चढतात आणि वरून धपकन पडतात. आईसुद्धा कधी कधी पिल्लू तोंडात धरून वर नेते आणि फळीवर सोडून देते. म्हणून खालचा मजला तेवढा ठेवा. ३० ते ३५ सेंटीमीटर उंचीवर आडवी जाळी किंवा फळी टाकून वरचे दोन मजले बंद करा. शिड्या काढा. आईला पिल्लांपासून जरा दूर बसायला जागा हवी असते, ती त्यांच्या अंगावरून सतत उठून जात असते. त्यासाठी १५ सेंटीमीटर उंचीवर एकच रुंद फळी ठेवा. तिच्याखाली गवताचा जाड थर असू दे. खालच्या मजल्याची जागा दोन फूट बाय दीड फूट असेल तर सहा आठवडे निभतं. त्याहून लहान असेल तर मात्र शेजारी दुसरा भाग जोडायचा विचार करा.

चाक काढाच. आई पळत असताना पिल्लू चाक आणि दांडीच्या मधे येतं. चाक नाही म्हणून आई थोडी अस्वस्थ होते, पण पिल्लांचं दूध सुटेपर्यंत ते परत लावू नका. वाळूच्या स्नानाचं भांडं व्यायच्या आधी दोन-तीन दिवस आणि नंतर आठवडाभर बाहेर ठेवा. तिचं अंग ओलं, नाजूक असतं, वाळूचे कण तिथे जाऊ नयेत. नंतर रोज थोडा वेळ द्या आणि उचलून घ्या. पिल्लं दोन आठवड्यांची झाली की तीही त्यात लोळायला लागतात. बघायला फार सुंदर असतं ते.

पिंजऱ्याला खाली जाळीचाच तळ असेल तर तो पूर्ण झाकायचा. पिल्लाचा पाय जाळीत जाऊन मोडतो.

अंथरायला काय घालायचं? कापूस नाही. हे पुन्हा सांगतो, कारण मायेपोटी सगळे हेच करतात. कापसाचा धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला की तो ओढला जाऊन करकचतो, रक्त थांबतं आणि पाय जातो. जुन्या गोधडीचे तुकडे, लोकर, धागे सुटणारं फडकं यांचंही तसंच. वखारीतला लाकडाचा भुसाही नको. त्यात धूळ असते, कुठल्या लाकडाचा आहे आणि त्याला काय औषध मारलंय ते कळत नाही. देवदार आणि पाइनचा वास त्यांच्या श्वासाला त्रासदायक. भाताचं पिंजार आपल्याकडे मुबलक मिळतं, पण ते टोचरं असतं, डोळ्यांत जातं. ट्रेमध्ये खाली कागदाची गोळीवजा बिछायत किंवा साधे कोरे कागद अंथरा, त्यावर टिमोथी गवताचा चार-पाच बोटं जाड थर द्या, आणि कोरे टिश्यू पेपर फाडून एका कोपऱ्यात नुसते ठेवा. घरटं तुम्ही बांधू नका. ती स्वतः तोंडाने ओढून नेते आणि तिला हवं तिथे रचते. ती कागद न्यायला लागली की दिवस जवळ आले असं समजा.

निवाऱ्याची पेटी एकच मोठी ठेवा, आई आणि पाच-सहा पिल्लं एकत्र मावतील एवढी, साधारण २५ बाय २० सेंटीमीटर आणि उंची १५. दाराला उंबरा नको किंवा बोटभरच असू दे. रात्री एखादं पिल्लू बाहेर राहिलं आणि उंच उंबऱ्यामुळे आत जाता आलं नाही तर ते गारठतं. अंगावर केस असले तरी १४ ग्रॅमचा जीव स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही, पहिले दोन आठवडे त्याला आईच्या पोटाखालची जागा लागते. पेटी साध्या, रंग-पॉलिश नसलेल्या लाकडाची करा, तळ नसलेली. उचलली की आतलं सगळं दिसतं, साफ करता येतं. प्लायवूडमध्ये डिंक असतो आणि डेगू ती कुरतडणारच. या जातीचं शास्त्रीय नाव ऑक्टोडॉन पडलं तेच दातांवरून, त्यांच्या दाढांचा माथा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो म्हणून. समोरचे दात नारिंगी दिसले तर घाबरू नका, निरोगी डेगूचे दात तसेच असतात. पांढरे पडले तर मात्र डॉक्टरकडे न्यायचं.

पेटीसोबत दुसरी एक गोष्ट ठेवा: शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेली, रंग न दिलेली रुंद तोंडाची मातीची कुंडी, आडवी करून. ती डगमगणार नाही अशी दोन्ही बाजूंनी टेकू देऊन बसवा. एप्रिलच्या दुपारी आई पिल्लांच्या उबेतून उठून तिथे जाऊन बसते.

यावरून उन्हाळ्याकडे येतो, कारण तुमच्याकडे पिल्लं भर उन्हाळ्यात येणार. डेगूला २० अंशांच्या आसपास बरं वाटतं. ३० च्या वर त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ३७-३८ सहज होतं. गाभण आणि पाजणाऱ्या मादीला तर आणखी जड जातं. पिंजरा स्लॅबखालच्या वरच्या खोलीत असेल तर आजच खाली आणा. घरातली सगळ्यात गार, आतली खोली शोधा, जिथे दिवसाउजेड येतो पण ऊन येत नाही. डेगू दिवसा जागणारा प्राणी आहे, अंधाऱ्या कोठीत ठेवू नका. थर्मामीटर भिंतीवर नको, पिंजऱ्याच्या तळाच्या उंचीवर लावा. पिंजऱ्याच्या एका टोकाला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, पेटी दुसऱ्या टोकाला. म्हणजे ऊब एकीकडे, गारवा दुसरीकडे, आणि निवड तिची. फार तापलं तर बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाकडे पिंजऱ्याच्या बाहेर टेकवा. पंखा थेट पेटीवर नको. ओलं फडकं आत टाकणं किंवा अंगावर पाणी शिंपडणं बिलकूल नको. ती अंग पसरून सपाट पडली, तोंडाने श्वास घ्यायला लागली तर वेळ न घालवता गार खोलीत हलवा आणि डॉक्टरांना फोन करा.

मुंग्यांचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. व्यायच्या वेळी रक्त आणि वार यांच्या वासाने लाल मुंग्या येतात आणि नवजात पिल्लाला त्या घेरतात. पूर्वी घरोघरी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, अगदी तेच करा. पिंजरा चार पायांच्या स्टँडवर, प्रत्येक पाय पाण्याने भरलेल्या वाटीत, आणि पिंजरा भिंतीला टेकलेला नको. मुंग्यांचा खडू किंवा फवारा त्या खोलीत वापरू नका, ते विष आहे. उंच ठेवल्यामुळे मांजर आणि घरात शिरणारा उंदीर यांच्यापासूनही बचाव होतो.

पाण्याला वाटी ठेवू नका, पिल्लू त्यात बुडतं. नळीच्या दोन बाटल्या लावा, एक आईच्या उंचीवर, दुसरी तळापासून चार-पाच सेंटीमीटरवर. दोन्हींखाली अंथरूण ओलं होत नाही ना ते रोज हात लावून बघा. ठिबकणाऱ्या बाटलीखाली झोपलेलं पिल्लू रात्रीत दगावतं.

आता नर. वेगळा करा, आणि याच आठवड्यात करा. पिल्लं झाल्यावर काही तासांतच डेगूची मादी पुन्हा माजावर येते. नर तिथे असला तर ती पाजता पाजताच पुन्हा गाभण राहते, आणि पुढचे ९० दिवस तिच्या अंगावर दुप्पट ओझं पडतं. नर वाईट असतो म्हणून हे नाही. उलट डेगूचा नर बाप म्हणून चांगला असतो, पिल्लांवर बसून ऊब देतो, त्यांना चाटतो. त्यामुळे काही जण त्याला तिथेच ठेवा म्हणतात. त्यांचं म्हणणं मला समजतं, पण मी दोन माद्या अशा लागोपाठच्या बाळंतपणात पार खंगलेल्या पाहिल्यात, म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे. नराची नसबंदी करून ठेवायची असेल तरी ती आत्ता उपयोगाची नाही, शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे तो मादीला गाभण ठेवू शकतो.

वेगळा म्हणजे दुसऱ्या खोलीत मात्र नाही. डेगू एकटा राहिला की कष्टी होतो. त्याचा पिंजरा तिच्या शेजारीच ठेवा, मधे पाच-सहा सेंटीमीटर अंतर सोडून, म्हणजे जाळीतून बोटं चावली जाणार नाहीत. एकमेकांना दिसतील, आवाज ऐकू येतील. दर दोन दिवसांनी दोन्हीकडची मूठभर गवताची अदलाबदल करा, वासाची ओळख टिकते. हीच ओळख पुढे सहाव्या आठवड्यात कामाला येणार आहे.

आज्जींच्या गाठीबद्दल. एका तुकड्याने काही बिघडलेलं नाही, पण तो शेवटचा असू दे. डेगूचं इन्सुलिन इतर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत दुबळं असतं, साखर त्याला पेलतच नाही. मधुमेह होतो आणि मागोमाग डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. आपल्या जिल्ह्यात हे सांगणं जड जातं, मला माहीत आहे. ऊस आणि गूळ आपल्या घरात पाण्यासारखा, आणि बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळीव दिल्याशिवाय आपल्याकडच्या बायकांना चैन पडत नाही. पण या बाळंतिणीला उसाचं कांडं नको, गूळ नको, केळं नको, मनुका नको, मध लावलेले दाणे नकोत. आज्जींची माया अडवू नका, तिला वाट द्या. लसूणघास, जो गोठ्यातल्या म्हशींना घालतात तोच, फवारणी न झालेल्या शेतातून आणून स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा, आणि त्याची एक छोटी मूठ रोज आज्जींच्या हातून द्या. गाभण आणि पाजणाऱ्या मादीला त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं उपयोगी पडतात. बाकी टिमोथी गवत दिवसरात्र समोर हवं, आणि गिनी पिगचं किंवा चिंचिलाचं खाद्य, ज्यात काकवी किंवा सुकी फळं नाहीत असं, रोजच्यापेक्षा थोडं जास्त. गुढीचा कडुनिंबही तिला देऊ नका.

व्यायच्या दिवशी तुम्हाला करण्यासारखं फारसं नसतं. साधारण चार ते सहा पिल्लं होतात, कधी एखाद-दोनच, कधी त्याहून जास्त. आई वार खाते, ते बघून दचकू नका, ते तिच्या भल्याचंच आहे. जोरजोरात कळा देऊन तास उलटला आणि पिल्लू आलं नाही, किंवा रक्त वाहतच राहिलं, तर डॉक्टर लागेल. म्हणून सशांवर, गिनी पिगवर उपचार करणारे डॉक्टर कोण आहेत, ते रविवारी भेटतात का, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. बहुतेक दवाखान्यांत कुत्री, मांजरं आणि जनावरंच येतात. माणसाच्या गोळीचा तुकडा मोडून देणं कधीही नको. या कुळातल्या प्राण्यांना पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर आतडी बिघडून जीव जातो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी, आई फरशीवर विसावलेली असताना, हात गवतात चोळून पिल्लं मोजा आणि एकेकाचं वजन घ्या. मेलेलं असेल तर काढा. त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी वजन. पहिल्या एक-दोन दिवसांत किंचित उतरलं तरी चालतं, मग रोज चढायलाच हवं. एखादं पिल्लू दोन दिवस तिथेच अडकलं आणि बाकीची पुढे गेली, तर त्याला दूध मिळत नाहीये. दिवसातून दोन-तीनदा बाकीच्यांना दहा मिनिटं उबदार डब्यात ठेवून त्याला आईपाशी एकटं सोडा. माझ्याकडे तीन अशक्त पिल्लं अशीच सावरली.

एक विनंती घरच्यांना करा. चैत्र यात्रेच्या दिवसांत जोतिबाला जाणारे पाहुणे घरी उतरतात, आणि बाळ बघायला येतात तशी पिल्लं बघायला रीघ लागते. पहिला आठवडा त्या खोलीचं दार पुढे ओढलेलं असू दे. फोनचा फ्लॅश नको. रस्त्यावरून डॉल्बीची मिरवणूक जाणार असेल तर त्या संध्याकाळी खिडक्या लावा आणि पिंजऱ्याच्या रस्त्याकडच्या बाजूला जाड चादर टाका, वारा खेळता ठेवून.

आठवड्याच्या आतच पिल्लं गवत, खाद्य कुरतडायला लागतात, पण दूध चार ते सहा आठवडे चालू असतं. तिसऱ्या आठवड्यानंतर डोकी मोठी झाली की अर्धा इंची जाळीतून जात नाहीत, तेव्हा पाव इंची पट्टी काढता येते. मग एक मजला उघडा, रुंद फळीची तिरकी वाट लावून. सगळे एकदम उघडू नका. मधेच वळीव आला तर गवताची पोती बघा. दमट गवताला बुरशी लागते, कुबट वास आला तर ते टाकून द्या. पोतं जमिनीवर ठेवू नका, पाटावर ठेवा.

पाचव्या आठवड्यात नर-मादी ओळखायला बसा. तुमच्या दुकानदाराची गफलत इथेच झाली. डेगूत नराला बाहेर दिसणारे अंडकोश नसतात आणि लघवीच्या जागचा छोटा उंचवटा दोघांनाही असतो. बघायचं ते त्या उंचवट्याचं आणि गुदद्वाराचं अंतर. मादीत दोन्ही जवळजवळ चिकटलेले, नरात मधे स्पष्ट मोकळी जागा. एका पिल्लाकडे बघून कळत नाही, दोन पिल्लं शेजारी शेजारी धरली की लगेच कळतं. शंका वाटली तर चार दिवसांनी पुन्हा बघा, कारण सात-आठ आठवड्यांचा नर स्वतःच्या आईला आणि बहिणींना गाभण ठेवू शकतो.

सहाव्या आठवड्यात, म्हणजे तुमच्या हिशेबाने जूनच्या सुरुवातीला, नर पिल्लं बापाकडे जातील आणि माद्या आईपाशी राहतील. थेट बापाच्या पिंजऱ्यात सोडू नका. कुणाचीच नसलेली जागा घ्या, म्हणजे कोरडी अंघोळीची मोरी किंवा मोठं टब, त्यात वाळूचं भांडं ठेवा आणि सगळ्यांना एकत्र लोळू द्या. एकमेकांचा वास अंगाला लागतो. बापाचा पिंजरा तोवर धुऊन, आतली मांडणी बदलून ठेवा आणि मग सगळ्यांना एकदम आत सोडा. पहिले दोन दिवस थोडी ढकलाढकली, दात वाजवणं होईल. रक्त निघालं तरच मधे पडा. एवढे आठवडे शेजारी राहून ओळख झालेली असते, त्यामुळे बहुतेक वेळा दुसऱ्या रात्री सगळे एकाच पेटीत एकमेकांवर रचून झोपलेले सापडतात.

पट्टी कापायला जाण्याआधी पिंजऱ्याची चारही बाजूंची मापं आणि दाराचा फोटो मला पाठवा. दाराखालच्या फटीला जाळी लावायची की पत्रा, ते बघून सांगतो.